खाऱ्या पाण्यातल्या पट्ट्या

मुंबईच्या नौदल गोदीच्या आवारात १९५३ साली नौदलाने स्वतःच्या गरजेपुरती एक छोटी प्रयोगशाळा उघडली. नाव ठेवलं नेव्हल केमिकल अँड मेटलर्जिकल लॅबोरेटरी, म्हणजे एनसीएमएल. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेकडे, डीआरडीओकडे आली. नंतर तिचं नाव नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी झालं आणि मुक्काम अंबरनाथला हलला. संस्थेची कुंडली एवढ्यात मांडून होते. तिने हाती घेतलेले विषय सांगायचे तर पोलाद, रबर, बहुलके, इंधनघट अशी लांब यादी होईल. मला मात्र यातलं एकच काम सविस्तर लिहायचं आहे. ते पाण्याखालचं आहे, म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाही: जहाजाच्या बुडाला लावायचा रंग.

मी मोहाडीचा. भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव मुंबईच्या समुद्रापासून रेल्वेने सुमारे ९०० किलोमीटर दूर. आमच्या तालुक्याच्या कडेने वैनगंगा वाहते आणि तिच्यावर ढिवरांचे डोंगे चालतात. उन्हाळ्यात डोंगा काठावर पालथा घालायचा, फटीत चिंध्या ठासायच्या, वरून गरम डांबर फासायचं, एवढीच जहाजविद्या मी लहानपणी पाहिली. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून मुंबईची गाडी धरली, तेव्हा आमच्या ओळखीचे एक म्हातारे ढिवर पोचवायला आले होते. मी जहाजांच्या रंगाच्या कामाला चाललोय हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “लोखंडाले का कीड लागते गा?” तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज संस्थेचा इतिहास लिहायला बसलो तरी सुरुवात त्याच प्रश्नापासून करावी लागते.

लोखंडाला कीड लागते, आणि दोन तऱ्हांची लागते.

पहिली कीड गंजाची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. असं पाणी वीज सहज वाहून नेतं. पोलादाच्या पत्र्यावर कुठे सांधा, कुठे ओरखडा, कुठे वेल्डिंगची शिवण असते. या जागांमध्ये विजेच्या दाबाचा बारीक फरक पडतो आणि त्यातून जणू हजारो इवल्या बॅटऱ्या चालू होतात. प्रत्येक बॅटरी थोडं थोडं लोखंड पाण्यात सोडते. वैनगंगेच्या गोड्या पाण्यात हे होत नाही असं नाही, पण फार सावकाश होतं. मुंबई बंदरात रंग खरवडलेली जागा दुसऱ्या दिवशी तांबडी दिसते.

दुसरी कीड जिवंत असते. स्वच्छ पत्रा समुद्रात बुडवला की काही मिनिटांत त्याच्यावर सेंद्रिय द्रव्यांचा अदृश्य पापुद्रा बसतो. काही तासांत त्यावर जिवाणू येतात, मग एकपेशीय शैवाल, आणि बोटाला बुळबुळ लागायला लागते. या बुळबुळीवर पुढचे भाडेकरू येतात: बार्नॅकल, नळ्यांतले किडे, शिंपले, कालवं, हिरवी झालर. बार्नॅकल हा खेकड्या-कोळंबीच्या गोतातला प्राणी. त्याचं पिल्लू पाण्यात पोहत वाढतं आणि शेवटच्या अवस्थेत खाणं सोडून फक्त जागा शोधतं. पुढच्या दोन स्पर्शिकांनी पत्रा चाचपडत ते अक्षरशः चालतं, नको वाटलं तर सुटून दुसरीकडे जातं, आणि एकदा ठरवलं की डोकं खाली करून चिकटतं ते कायमचं. मग भोवती चुन्याचे चिरे बांधून घेतं. चार्ल्स डार्विनने आठ वर्षं या एका प्राणिगटावर घालवली. मुंबई बंदरात सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या जातीचं, बालानस अँफिट्राइटचं, शास्त्रीय वर्णन १८५४ मध्ये त्यानेच केलेलं आहे.

या चिकटलेल्या वस्तीने जहाजाचं काय बिघडतं? अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये एका फ्रिगेटचा हिशेब मांडला. बुडावर चुनखडी कवचांचा दाट थर असेल, तर नेहमीचाच वेग राखायला ८६ टक्क्यांपर्यंत जास्त शक्ती लागू शकते. नुसती बुळबुळ असली तरी फरक पडतो. युद्धनौकेच्या बाबतीत यात तेलाच्या खर्चापलीकडचंही नुकसान आहे. ऐन वेळी दोन नॉट वेग कमी पडणं म्हणजे काय, ते समुद्रावर नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

प्रयोगशाळा जिथे उभी राहिली, त्या जागेला या दुखण्याचा अनुभव फार जुना होता. सुरतेहून आलेल्या लवजी नुसरवानजी वाडियांनी १७३५ च्या सुमारास मुंबईत जहाजबांधणी सुरू केली आणि १७५० मध्ये इथे सुकी गोदी झाली. मुंबईच्या समुद्रात मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं. भरतीबरोबर जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, ओहोटीबरोबर पाणी सोडायचं, की बूड उघडं. आपल्या कोकणात विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत मराठ्यांच्या आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे. तिलाही हाच भरती-ओहोटीचा न्याय लागू होता. बूड उघडं करून खरवडल्याशिवाय कुठलंच आरमार चालत नाही.

लाकडी जहाजांना त्या काळी चुना आणि तेल कुटून केलेल्या लगद्याचा लेप देत. त्याला ‘गलगल’ म्हणत आणि पूर्वेकडच्या पुष्कळ बंदरांत त्याची ओळख होती. कोकणातले कोळी आजही लाकडी होडीला राळ, मुशीचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल वापरतात. पावसाळाभर होडी किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेच्या आधी तिला नवा हात द्यायचा, हे आपल्याकडचं देखभालीचं सर्वांत जुनं वेळापत्रक आहे. वैनगंगेवरच्या डोंग्याचं डांबर आणि हे, एकाच घराण्यातले उपाय. फरक इतकाच की कोळ्याला लाकूड पोखरणाऱ्या टेरेडोशी झुंजायचं असतं, ढिवराला नसतं.

मग तांब्याचे दिवस आले. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. टेरेडो शिरेना आणि बार्नॅकलही फारसे धरेनात. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सगळं आरमार तांबं नेसलं. जमशेदजी बमनजी वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं. त्याचं बूडही तांब्याने मढवलेलं होतं आणि ते जहाज इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात आजही तरंगतं आहे.

तांबं झिजत होतं, म्हणून रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्हींना विचारणा झाली. १८२४ मध्ये त्यांनी तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. आता झीज तांब्याच्या वाट्याला न येता या तुकड्यांच्या वाट्याला आली. शास्त्र म्हणून प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला. आज बहुतेक पोलादी जहाजांच्या बुडाला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे लावतात, ते याच शोधाचे वंशज. पण झिजायचं थांबलेल्या तांब्यावर बार्नॅकल दाट वाढले आणि नौदलाने ते तुकडे काढून टाकले. जहाजाच्या रंगाबद्दल जे काही मला समजलं आहे, ते सगळं या एका फसलेल्या यशात आहे. तांबं विरघळत होतं म्हणूनच बूड स्वच्छ राहत होतं. नव्या माणसाला मी हीच गोष्ट आधी सांगतो आणि मगच त्याच्या हातात ब्रश देतो.

जहाजं लोखंडाची झाली तेव्हा तांब्याचा पत्रा वापरता येईना, कारण खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी लोखंड ठेवलं की लोखंड आधी खलास होतं. म्हणून दोघांच्या मध्ये थर आले. आधी गंज रोखणारा प्रायमर, त्यावर पाणी अडवणारा थर, आणि सर्वांत बाहेर जीव बसू न देणारा अँटिफाउलिंग रंग. प्रायमर म्हणजे पुष्कळ वर्षं शेंदूरच होता. मारुतीला आपण जो शेंदूर फासतो तेच शिशाचं ऑक्साइड जवसाच्या तेलात खलून जगभरच्या गोद्यांत पोलादाला फासत. ते विषारी आहे हे कळत गेलं तसं त्याच्या जागी जस्ताचे आणि इपॉक्सीचे प्रायमर आले. बाहेरच्या थरात राळ आणि तांब्याचं तांबडं ऑक्साइड असे. लहान मुलंसुद्धा चित्रात जहाजाचं बूड तांबडं रंगवतात, त्या तांबड्याचं मूळ इथे आहे.

राळ पाण्यात किंचित विरघळते आणि तिच्याबरोबर तांबं सुटतं. एका चौरस सेंटिमीटरमधून दिवसाला निदान १० मायक्रोग्रॅम तांबं सुटलं तर बार्नॅकलचं पिल्लू बसत नाही, असा जुना ठोकताळा आहे. त्याहून कमी सुटलं तर रंग निकामी. फार जास्त सुटलं तर सहा महिन्यांत रंगाची पुंजी संपते आणि जहाज पुन्हा गोदीत येतं. सगळी कारागिरी या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे.

ही पट्टी प्रत्येक समुद्रात वेगळी पडते, आणि प्रयोगशाळेची गरज नेमकी तिथे होती. थंड समुद्रात हिवाळाभर बार्नॅकलची नवी वस्ती जवळजवळ थांबते. आपल्याकडे पाणी बारमाही कोमट, त्यामुळे वस्ती बारा महिने चालू. शिवाय मुंबई बंदराचं पाणी गाळाने भरलेलं, आणि पावसाळ्यात खाड्यांतून एवढं गोडं पाणी येतं की क्षारांचं प्रमाण एकदम खाली जातं. परदेशी डब्यावर छापलेली मुदत या पाण्याला बांधील नव्हती. १९५० नंतरच्या आपल्या नौदलाकडे बरीचशी जहाजं ब्रिटनहून आलेली होती, रंगांचे नियमही तिकडचे. पण ती उभी राहत होती ती आपल्या बंदरात. कोणीतरी इथल्या पाण्यात पट्ट्या बुडवून पाहणं भाग होतं.

पट्टी म्हणजे हातभर लांबीचा पोलादाचा तुकडा. आधी बारीक खड्यांच्या जोरदार माऱ्याने तो पांढराफटक करायचा, त्यावर ठरलेल्या जाडीचे थर द्यायचे, मागे क्रमांक कोरायचा आणि तराफ्याला टांगून सोडायचा. ठरावीक दिवसांनी ओढून काढायचा, फोटो घ्यायचा, काय बसलंय, किती, कुठे, ते मोजायचं आणि परत पाण्यात. शेजारी एक रंग न दिलेली पट्टी असतेच. ती महिन्या-दोन महिन्यांत ओळखू येत नाही इतकी लगडते, आणि तिच्याकडे पाहूनच रंगाची परीक्षा होते. निकालाला वर्ष लागतं, कधी दोन. घाई करून उत्तर मिळवायची सोय नाही. प्रयोगशाळेत खारं धुकं सोडणाऱ्या पेट्या आहेत, विजेच्या चाचण्या आहेत, आणि गंजासाठी त्या फार उपयोगी पडतात. पण बार्नॅकलला फसवणारी पेटी अजून कोणी बनवलेली नाही.

म्हणून रसायनशास्त्र आणि धातुशास्त्र ही नावं पाटीवर असलेल्या या संस्थेत जीवशास्त्रज्ञ आले. तिच्या इतिहासातली ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ए. ए. करंदे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्नॅकलची पिल्लं प्रयोगशाळेत वाढवली. त्यांना सूक्ष्म शैवाल भरवून अंड्यापासून चिकटण्याच्या अवस्थेपर्यंत नेलं. शत्रूला हाताने भरवून वाढवायचं, म्हणजे तो कधी आणि कुठल्या विषाला भितो ते कळतं. १९७५ मध्ये करंदे आणि के. बी. मेनन यांनी मायटिलॉप्सिस सॅलेई या शिंपल्याबद्दल लिहिलं आणि त्याला भारतीय बंदरांत नव्याने आलेला परका म्हटलं. नखाएवढा हा शिंपला मूळचा अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा. १९६७ मध्ये विशाखापट्टणमला तो पहिल्यांदा दिसला होता, नंतर मुंबईच्या गोदीत झुपक्यांनी वाढला. तो आला बहुधा जहाजांच्या बुडाला चिकटून.

याच गोताचा शिंपला मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरातल्या बोटींच्या धक्क्यांत सापडला, तेव्हा तिथल्या सरकारने तीन धक्के बंद केले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं आणि काही आठवड्यांत त्याचा नायनाट केला. आपल्याकडे तो कायमचा राहिला. करंदे आणि मेनन यांनी ते लिहिलं तोपर्यंत बुडाचा रंग म्हणजे तेल वाचवणं आणि वेग राखणं, एवढाच विचार होता. अस्वच्छ बूड एका समुद्रातले जीव दुसऱ्या समुद्रात सोडतं, हा विचार आज सगळ्या जगात मानला जातो. त्याची एक सुरुवातीची नोंद नौदल गोदीच्या टायगर गेटच्या पत्त्यावरून गेली, हे संस्थेच्या या स्मरणिकेत ठळक यायला हवं.

सत्तरच्या दशकातच जगभर ट्रायब्युटिल टिनचे रंग आले, टीबीटी म्हणतात ते. कथील असलेलं हे रसायन रंगाच्या रेणूलाच बांधलेलं असे. समुद्राचं पाणी बाहेरचा पापुद्रा हळूहळू सोडवी आणि खालून ताजा रंग निघे, बूड आपोआप घासून गुळगुळीत होई. पाच वर्षं जहाज गोदीत आणायला नको. रंगाच्या इतिहासात इतकं कार्यक्षम दुसरं काही झालेलं नाही, आणि हे मी रंगाचा माणूस म्हणून मान्य करतो. पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची पिल्लं धरेनाशी झाली, वाढलेल्या कालवांची कवचं वेडीवाकडी जाड होऊ लागली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर गोगलगायीच्या जातीतल्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली, तीही लिटरभर पाण्यात नॅनोग्रॅमभर, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, विष असताना. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हे रंग बंद केले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ५ ऑक्टोबर २००१ ला त्यांच्या बंदीचा करार केला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अंमलात आला.

विरघळण्याचं गणित सगळ्यांनी चोख मांडलं होतं. विरघळलेलं पुढे जातं कुठे, हे मात्र पुरेसं विचारलं गेलं नव्हतं. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण जगभरच्या गोद्यांत हा रंग फवारणारे आणि जुना खरवडणारे कामगार पुष्कळदा नाकाला नुसता रुमाल बांधून काम करत आले आहेत. कालवांच्या आधी त्यांच्याकडे पाहायला हवं होतं.

टीबीटी गेल्यावर तांबं परत आलं, नव्या बहुलकांच्या सोबतीने. दुसरीकडे सिलिकोनचे लेप आले. यांत विष नाहीच. पृष्ठभाग इतका निसरडा की चिकटलेला जीव जहाजाने वेग घेतल्यावर सुटून पडतो. अडचण अशी की युद्धनौका पुष्कळ काळ धक्क्याला उभी असते, आणि उभ्या जहाजावर हा लेप तेवढा चालत नाही. शिवाय तो महाग आणि ओरखड्याला नाजूक. म्हणजे बुडवायला नव्या पट्ट्या तयारच.

अंबरनाथला झालेल्या स्थलांतरानंतर संस्थेचा व्याप वाढला. तिथे पाणबुडीसाठी विकसित झालेल्या इंधनघटाच्या प्रणालीची जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये पार पडली आणि वर्तमानपत्रांत संस्थेचं नाव झळकलं. त्याचा अभिमान आहेच. त्यावर वेगळा लेख होईल आणि तो लिहायला माझ्याहून योग्य माणसं आहेत.

मोहाडीला मी दरवर्षी जात राहिलो. एका दिवाळीला रंग न दिलेल्या पट्टीचा फोटो नेला आणि त्या म्हाताऱ्या ढिवरांना दाखवला. त्यांनी तो उन्हात धरून पुष्कळ वेळ पाहिला. लोखंडाच्या किडीचं मी त्यांना सगळं सांगितलं: बार्नॅकल, तांबं, शेंदूर. शेंदूर ऐकून त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, हे किडे आपल्या नदीत का नाहीत? मी म्हणालो, त्यांना खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात मरतात. त्यावर ते लगेच म्हणाले, “मंग जहाज पंधरा दिवस गोड्या पान्यात आनून ठेवा ना गा.” शिडाच्या जहाजांचे कप्तान नेमकं हेच करत. नदीच्या मुखातून वर गोड्या पाण्यात जाऊन नांगर टाकत, आणि बुडावरचे पुष्कळसे जीव तिथेच मरत. मेलेल्या बार्नॅकलची कवचं मात्र चिकटूनच राहतात, ती खरवडावीच लागतात. हे मी त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, खरवडाले मानसं तर हायेतच.

ती माणसं होती. तराफ्यावर वाकून दोर ओढणारे खलाशी, हातमोजे फाटले तरी पट्टी न सोडणारे. बार्नॅकलच्या कवचाची कड ब्लेडसारखी असते आणि खाऱ्या पाण्यात ती जखम लवकर भरत नाही. शोधनिबंधांच्या मथळ्याखाली त्यांची नावं येत नाहीत. पण कुठल्या महिन्यात वस्ती दाट होते, पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी ती मरायला लागते, तराफ्याच्या कुठल्या बाजूला सावली असल्यामुळे पट्ट्या जास्त लगडतात, हे सांगायला त्यांना वही उघडावी लागत नसे. पट्टी वर आली की आधी ते क्रमांक मोठ्याने वाचत, मग बोटाने बुळबुळ पुसून खालचा रंग पाहत, आणि कोणी विचारायच्या आत सांगत: “धरलाय, साहेब,” किंवा “गेला.” वहीत नोंद त्यानंतर व्हायची.